गॅस बंदच आहे

"हिला काहीही विचारा, हिचं ठरलेलं. गॅस बारीक करून येते!"

स्मृती करवादली, आणि कॉफीचे दोन पेले घेऊन आलेली अनुसूया दाराच्या पडद्याशीच थबकली. आत प्राणेश हसला. त्याचं हसणं हल्ली इतकं दुर्मीळ झालं होतं की त्याच्यासाठी आई पडद्याआड थांबली तर तिला कुणी चोरून ऐकते म्हटलं नसतं. मग डबा बोलला. कॉम्प्युटरला वायरीने जोडलेला तो करडा डबा. आवाज असा, की सर्दी झालेल्या एखाद्या गोऱ्या पाद्र्याने परवाच मराठी शिकायला घेतलं असावं. "अम्मा उठते," डबा म्हणाला. "गॅस बारीक करायला जाते." पुन्हा कळा खडखडल्या, पुन्हा डबा तेच म्हणाला. "बघ," स्मृती म्हणाली, "कितीदा विचारलं तरी हेच. अरे, ही तुझी अम्मा बिघडलीय." "बिघडलेली नाही गं," प्राणेश म्हणाला. "ती तशीच आहे." पडद्याबाहेर अनुसूयेच्या हातातल्या कॉफीवर साय धरू लागली. वाईट म्हणजे स्वयंपाकघरात हुळी, त्यांची ती आंबट आमटी, खरोखरच उतू जायला आली होती, आणि पेले टेकवून ती हेच वाक्य बोलून परतणार होती. ती तशीच मागे फिरली, गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली; मागून कुणी पदर धरून ठेवावा तशी. मुलांनी काय विचारलं होतं ते तिने ऐकलं नव्हतं. ऐकायची गरज नव्हती.

तो डबा उपेंद्रने आणला. उपेंद्र तिचा धाकटा भाऊ. इतका धाकटा, की तिच्या लग्नात करवला म्हणून मिरवायचं सोडून तो तिच्याच मांडीवर झोपून गेला होता. आता तो कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, कंपनीने सहा-आठ महिने अमेरिकेला पाठवलं होतं, आणि येताना इतरांसाठी सेंटच्या बाटल्या नि चॉकलेटं आणली तसा भाच्यासाठी हा बोलका डबा नि फ्लॉप्यांचा एक गठ्ठा आणला. "तिथे हे खेळ आता कुणी खेळत नाही, अनुअक्का," तो म्हणाला होता. "लोकांनी टाकून दिलेत. चित्रांचे खेळ आले ना." या खेळांत चित्र नव्हतंच. नुसती वाक्यं. तू गुहेच्या तोंडाशी उभा आहेस, उत्तरेला पायवाट आहे, आत पाणी ठिबकतंय. मग आपण टाइप करायचं, उत्तरेला जा. की पुढचं वाक्य. डबा ती वाक्यं वाचून दाखवी. पहिल्या दिवशी प्राणेश जेवायला उठला नाही. स्मृतीला त्याने शेजारी बसवलं, आणि ती गुहेतल्या अंधारात वाट चुकली तेव्हा तो आनंदाने टाळी वाजवून म्हणाला, "इथे तुलापण वाक्याएवढंच दिसतं!" अनुसूयेला ते हसावं की काय करावं समजेना. गल्लीतली पोरं पूर्वी त्याच्याकडे गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायला यायची. मग त्याची गाडी पडद्याच्या कडेला गेली की त्याला दिसेनाशी व्हायला लागली. पोरं आधी हसायची, मग मुद्दाम हरायची, मग यायची बंद झाली. मुद्दाम हरणारी पोरं तिला हसणाऱ्यांपेक्षा जास्त लागली होती.

आधी त्याची संध्याकाळ गेली. दिवेलागणीला बाहेरून येताना तो पायरी चुकायचा नि ती म्हणायची, चालतोस कसा रे, आकाशात बघून. मग कडा गेल्या. ताटातली कोशिंबीर त्याला सापडेना, आणि ती म्हणायची, नाटकं नकोत, कोशिंबीर खायचीच. आता मधलंही गेलं होतं, खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढं कळण्यापुरतं उरलं होतं. तेव्हा त्याला दिलेल्या दोन-तीन टपल्या तिच्या हाताच्या तळव्यात अजून होत्या. कणीक मळताना त्याही मळल्या जायच्या.

हुळी उतरवून तिने पुन्हा ताजी कॉफी केली. बाहेरच्या खोलीत विश्वेश्वर आरामखुर्चीत पेपर घेऊन बसले होते, त्यांना एक पेला दिला. "अहो," ती म्हणाली. ते "हं" म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या 'अहो'ची तिच्या जिभेला सवय झाली नव्हती. सतरा वर्षांची होईपर्यंत ती त्यांना मामा म्हणत होती, कारण ते तिचे मामाच होते. आईचा सख्खा धाकटा भाऊ. तिला सायकल शिकवली त्यांनी, गॅसफुग्याचा दोरा मनगटाला बांधून दिला त्यांनी, आणि एके दिवशी घरातल्या मोठ्यांनी नारळ दिला घेतला नि तिचं हाक मारणंच बंद झालं. इथल्या त्यांच्या लोकांत हे रीतसरच. तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून खाली कन्नड मुलखात उतरलेल्या घराण्यांनी इथल्यांची हुळी घेतली, अक्का-अण्णा घेतलं, तसं मामाला भाची देणंही घेतलं. पुण्याकडचे पाहुणे आले की हे ऐकून त्यांचा घास हातात राहायचा, नि मागे ती आणि स्मृती त्यांच्या तोंडाच्या नकला करून हसायच्या. मामाही वाईट नव्हते, नवराही वाईट नव्हता. पण लग्नानंतर पहिल्या खेपेला ते तापाने फणफणले तेव्हा ती उशाशी बसून "मामा, मामा" म्हणाली होती, आणि सासूने, म्हणजे तिच्या आईच्याच आईने, तोंडावर हात दाबला होता. तेव्हापासून तो शब्द तिने मुलांसाठी ठेवला. त्यांचा मामा उपेंद्र.

डॉक्टरांच्या खोलीतली ती दुपार तिला कधीही आठवायची, भाजी निवडताना, बस यशवंतपूरच्या फाटकाशी खोळंबली की. अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी प्राणेशच्या डोळ्यात उजेड सोडला, पुष्कळ वेळ पाहिलं, मग दिवा लावून कन्नडमध्ये विचारलं, "संबंधदल्ले मदुवेना?" नात्यातच लग्न का? विचारताना त्यांच्या आवाजात काही नव्हतं. सकाळपासून तोच प्रश्न दहा जणांना विचारला असावा. आणि विश्वेश्वर म्हणाले, "इल्ल." नाही. इतकं पटकन की शब्द आधीपासून तोंडात धरलेला असावा. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बघत होती. त्यातली सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक ओळ तिने अडखळल्याशिवाय वाचली. इतकी धड नजर, आणि तोंडातून शब्द नाही. घरी येताना रिक्षात प्राणेश मध्ये बसला होता. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही इल्ल का म्हणालात?" विश्वेश्वर रिक्षावाल्याला म्हणाले, "स्वल्प हळू चालव बाबा." मग कुणीच काही विचारलं नाही. घरात दोन पेपर यायला लागले, एक कन्नड, एक इंग्रजी.

प्राणेशला गुहा नि राक्षस पुरेसे झाले तेव्हा तो स्वतः खेळ लिहायला लागला. शिकवणारं कुणी नव्हतं. उपेंद्रने सुरुवात दाखवून दिली, पुढे तो नि डबा एकमेकांना शिकवत राहिले. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा, डब्याने तोंड वाकडं केलं की अक्षरं बदलून पुन्हा. खेळात त्याने आपलंच घर घेतलं होतं. अनुसूयेला हे इतकंच माहीत होतं. त्या करवादण्यानंतर दोन-तीन दिवस ती त्या खोलीत झाडायलाही गेली नाही. मग एका दुपारी, स्मृती कॉलेजात नि विश्वेश्वर बँकेत असताना, त्यानेच हाक मारली. "अम्मा, ये. तूच अजून खेळली नाहीस."

लग्नाआधी टायपिंगच्या क्लासला गेलेली तिची बोटं कळा विसरली नव्हती. ती बसली तसा त्याने खांद्यावरचा पंचा काढून पडद्यावर टाकला. "बघून खेळायचं नाही."

"अरे, पण मी कुठेय ते कसं कळणार?"

"विचार त्याला."

तिने टाइप केलं, बघ. डबा म्हणाला, "इथे बघता येत नाही. ऐक. हुंग. हात लाव." तिने ऐक म्हटलं. "तू बाहेरच्या खोलीत आहेस. पंख्याचं एक पातं कण्हतंय. अण्णा आरामखुर्चीत आहेत. हातात पेपर आहे. पान उलटत नाही."

"पान उलटत नाही?" ती म्हणाली.

"कधीच नाही. कुणी आलं की मग एकदम दोन उलटतात. तुला ठाऊक नव्हतं?"

तिला ठाऊक नव्हतं. रोज समोर बसून बघत होती नि ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, या मुलाने आपलं घर आपल्यापेक्षा जास्त पाहिलंय, आणि लगेच वाटलं, हा शब्दसुद्धा आपला चुकतो. ती देवघरात गेली. तिथे वातीचा वास होता, आणि अज्जी, म्हणजे अनुसूयेची आई, आलेली असेल तर हिंगाचाही. स्मृतीच्या खोलीत रेडिओ हळू होता, म्हणजे स्मृती रडते आहे. मग स्वयंपाकघर. "अम्मा इथे आहे," डबा म्हणाला. "तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. तू आल्याचं तिला कळलंय." अनुसूयेने मनगट मांडीत दाबून धरलं. खेळातल्या अम्माला तिने स्मृतीबद्दल विचारलं. डबा म्हणाला, "अम्मा म्हणते, ती अजून लहान आहे. मग म्हणते, तशी लहान नाही." तिला हसू आलं. अण्णांबद्दल विचारलं. "अम्मा म्हणते, त्यांनाच विचार." मग बोटं आपोआप गेली. डोळ्यांबद्दल विचार, असं तिने टाइप केलं, आणि डबा त्याच्या त्या पाद्र्याच्या आवाजात म्हणाला, "अम्मा उठते. गॅस बारीक करायला जाते."

ती चिडली, कुणावर ते कळायच्या आत तिने टाइप केलं, गॅस बंद कर. "गॅस बंद झाला," डबा म्हणाला. तिने पुन्हा डोळ्यांबद्दल विचारलं.

"अम्मा उठते. गॅस बारीक करायला जाते. गॅस बंदच आहे. अम्मा तिथेच उभी राहते."

आणखी एकदा विचारलं.

"अम्मा तिथेच उभी राहते."

खाली रस्त्यावर कुणीतरी भांड्यांना कल्हई करणार का म्हणून ओरडत गेलं. ती खेळातून बाहेर पडू पाहत होती. दाराशी जा. "दाराला कडी नाही. कुलूप नाही. दार उघडत नाही."

"कसं उघडतं हे?" तिने विचारलं. डब्याला नव्हे.

"तुझ्या उत्तराने. तू बोललीस की उघडतं आणि खेळ संपतो."

"मग लिही की काहीतरी. खेळच आहे."

"लिहून बघितलं," प्राणेश म्हणाला. तो कळांवरून नुसताच हात फिरवत होता, न दाबता. "काय लिहायचं ते मला माहीत आहे गं. मी काय लहान आहे? पण मी लिहिलं की ते माझंच बोलणं होतं. तुझं वाक्य मला कसं येणार?"

"दूध तापायला ठेवलंय," अनुसूया म्हणाली आणि उठली. दारापर्यंत गेल्यावर तिला आपलं बोलणं ऐकू आलं. मागे प्राणेश हसलाही नाही.

तिला झोप लागायची, जेवण जायचं, अवरेकाईचा, ओल्या वालाचा, हंगाम होता म्हणून ती बाजारात शेंगा दाबून, हुंगून घ्यायची. पण घरात चालताना तिला डब्याचा आवाज ऐकू यायचा. अम्मा जिना उतरते. अम्मा कडी लावते. एरवी ते एक वाक्य बोलायचं राहिलं असतं तर राहिलं असतं; पण रविवारी तिची आई उपेंद्रला घेऊन यायची होती, आणि कशासाठी ते मांजरालाही माहीत होतं. उपेंद्रला स्मृती द्यायची. मामाला भाची. अज्जी संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर, एळ्ळु-बेल्लबरोबर, हे बोलणं सोडून गेली होती: घरातला मुलगा, घरातली मुलगी. अनुसूयेने तेव्हा काय केलं होतं? गॅस बारीक केला होता. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागणार. आणि का ते सांगायचं म्हणजे प्राणेशच्या समोर उभं राहून म्हणायचं की आमच्या लग्नातून तू झालास ही चूक झाली. कुठल्या आईने पोटच्या पोराला हे म्हणावं? त्याला गमावून स्मृतीला वाचवायचं, की गप्प बसून स्मृतीच्या पोरांना पायरी चुकू द्यायची, नि त्यांच्या आईने त्यांना म्हणावं, चालता कसे रे, आकाशात बघून? ती बसमध्ये खिडकीशी बसून हे दोन तराजूत घालायची, आणि तिचं उतरायचं ठिकाण निघून जायचं.

रविवारी सकाळी अज्जी आली, हिंगाचा वास घेऊन. तिच्या मागे उपेंद्र, नवीन शर्टात, न्हाव्याकडून नुकताच उठल्यासारखा. रात्री भिजत घातलेले अवरे मोठ्या परातीत होते. एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, साल हातात राहते, आतली डाळ सुटकन उडते. हितकबेळे, म्हणजे या सोललेल्या वालाची आमटी, करायची तर घरातल्या सगळ्यांनी परातीभोवती बसायचं. प्राणेशचा हात यात सगळ्यांत भराभर चालायचा. विश्वेश्वर तेवढे खुर्चीत, पेपर घेऊन. अनुसूयेने कान दिला. पान उलटलं नाही.

"भीमाचार्यांना दोघांची जातकं दाखवली," अज्जी म्हणाली. "म्हणाले, शोधून मिळायची नाहीत अशी जुळतात."

"मला कुणी विचारलं?" उपेंद्र दाण्यांकडे बघत म्हणाला.

"तुला काय विचारायचं? तुझ्या जन्माच्या वेळी तरी कुठे विचारलं होतं!"

"मामाशी लग्न म्हणजे माझंच नुकसान," स्मृती म्हणाली. "आत्ता आला की चॉकलेट आणतो. मग म्हणेल, पीठ संपलंय का गं?" ती हसली, पण तिच्या हातातला दाणा साल न सुटता चिरडला गेला. एका डाळीने उडून उपेंद्रच्या नव्या शर्टावर डाग पाडला, आणि तो पुसायला तिचा हात पुढे गेला नि अर्ध्यात थांबला. अनुसूयेने ते पाहिलं. एकदा सायकलवरून पडल्यावर आपला हात असाच अर्ध्यात थांबला होता, मामांच्या शर्टाशी. तेव्हा घरात बोलणी सुरू झाली होती.

"चेष्टा राहू दे," अज्जी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "मी काय माझ्यासाठी बोलते? उद्या आम्ही नसू. उपेंद्राला बाहेरची बायको आली तर ती या पोराकडे बघेल? स्मृतीला बाहेर दिली तर तिचा नवरा बघेल? दोघं एका घरात असली की प्राणेश उघडा पडायचा नाही. याच्याचसाठी चाललंय सगळं."

परातीत पाच जणांचे हात होते. सगळे थांबले, एक सोडून. प्राणेश दाणे सोलत राहिला. त्याचा चेहरा खिडकीकडे होता, जिथे त्याला थोडा उजेड कळत असे, आणि त्या चेहऱ्यावर तिला एक शांतता दिसली. आपल्यामुळे बहीण बांधली जाणार हे त्याने ऐकून घेतलं होतं. आणि तो विरोध करणार नव्हता, कारण विरोध करायचा तर आईवडिलांना आरोपी करावं लागलं असतं. हा आपल्याला सांभाळतोय, तिच्या मनात आलं. इतकी वर्षं.

"काय विश्वा?" अज्जीने खुर्चीकडे पाहून विचारलं.

पेपरची दोन पानं एकदम उलटली. "तू म्हणशील ते, अक्का."

"आणि अनू, तू?"

अनुसूया उठली. परातीच्या कडेला हात टेकवून, गुडघा सावरत, आजवर उठत आली होती तशीच. "आलेच," ती म्हणाली. "गॅस बारीक..."

"अम्मा," प्राणेश म्हणाला. आवाज अगदी हलका, खेळाची खूण सांगावी तसा. "गॅस बंदच आहे."

तो बंदच होता. डाळ सोलून झाल्याशिवाय पेटवायचं कारणच नव्हतं. ती तिथेच उभी राहिली. अम्मा तिथेच उभी राहते. पंख्याचं एक पातं कण्हत होतं. तिने ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. आणि ऐकता ऐकता तिने डोळे मिटून घेतले, पडद्यावर पंचा टाकावा तसे.

"मामा," ती म्हणाली.

उपेंद्रने वर पाहिलं, स्मृतीने उपेंद्रकडे. पण खुर्चीत विश्वेश्वरांनी पेपर खाली ठेवला. तो मांडीवरून घसरून जमिनीवर पडल्याचा आवाज आला, आणि त्यांनी तो उचलला नाही.

"मामा, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही इल्ल म्हणालात, आणि मी भिंतीकडे बघत बसले." तिचा आवाज कुठेच अडखळत नव्हता, याचं तिलाच नवल वाटलं. मग ती प्राणेशच्या दिशेने वळली, आवाजाच्या अंदाजाने, आणि वाकून त्याचे ओले, सालं चिकटलेले हात तिने हातात घेतले.

"मी माझ्या मामाशी लग्न केलं म्हणून तुझे डोळे गेले, प्राणेश. स्मृतीला मी तिच्या मामाला देणार नाही."